मानवतावादी शस्त्रसंधीचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

खाजन (धागाकर्ता):
सुदानच्या धाग्यावरची चर्चा भरकटत ‘युनो झोपा काढते का’ इथवर गेली, म्हणून हा वेगळा धागा. एकच प्रश्न धरू या. यादवीत अन्न-औषध लोकांपर्यंत पोचावं एवढ्यापुरती लढाई थांबवायची, तर ती बोलणी जुळवतात कशी आणि मोडतात कुठे? कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथे नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘गोळीबार थांबवा’ या वाक्यावर बोलणी क्वचितच मोडतात. ती मोडतात कागदाच्या पहिल्या ओळीवर, म्हणजे सही करणाऱ्याला काय म्हणायचं यावर. नाहीतर शेवटच्या पानांवर: नकाशा, वेळ, तपासणी नाकं, फोन नंबर. मधला मजकूर कुठलाही बरा मसुदाकार दोन दिवसांत लिहून देतो.

पहिल्या ओळीचं उदाहरण घ्या. १४ ते २३ ऑगस्ट २०२४, जिनिव्हा. अमेरिकेने बोलावलेली सुदानची बोलणी. सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी आरएसएफचं शिष्टमंडळ आलं, सैन्य आलं नाही. २०२३मध्ये सौदीच्या जेद्दात दोघांत ठरलेलं आधी पाळा, आणि निरीक्षक म्हणून संयुक्त अरब अमिराती नको, असे सैन्याचे आक्षेप होतेच. पण आणखी एक आक्षेप निमंत्रणावरच्या नावाचा होता. निमंत्रण सैन्याला होतं. सैन्यप्रमुख जनरल बुऱ्हान यांच्या बाजूचं म्हणणं, आम्हाला सरकार म्हणून बोलवा. वरवर लग्नातल्या मानपानासारखं वाटतं, पण तसं नाही. सरकार म्हणून बोलावलं की समोरचा आपोआप बंडखोर ठरतो, सैन्य म्हणून बोलावलं की दोघेही एकाच पंगतीत. एका शब्दात निम्मा राजकीय निकाल लागतो, आणि तोही बोलणी सुरू होण्याआधी.

वाळपईकर:
चांगला धागा. आधी शब्द नीट लावून घेऊ या का? वर्तमानपत्रांत विराम, शस्त्रसंधी, युद्धबंदी सगळं एकाच अर्थाने येतं.

खाजन:
ढोबळमानाने सांगतो. मानवतावादी विराम म्हणजे ठरावीक जागा, ठरावीक तास, ठरावीक काम. लसीकरण, जखमी हलवणं, एक ताफा आत जाणं. काम झालं की लढाई पुन्हा सुरू होऊ शकते हे दोघांनाही मान्य असतं. तात्पुरती शस्त्रसंधी त्याहून रुंद, काही दिवस ते काही महिने, बहुधा मुदतवाढीच्या सोयीसह. कायमच्या युद्धबंदीत सैन्य मागे घेणं, शस्त्रं जमा करणं येतं, आणि ती राजकीय तोडग्याशी बांधलेली असते. गोंधळ होतो तो पहिल्याच्या कागदात तिसऱ्याच्या अटी घुसवल्यावर.

जेद्दाचंच बघा. २० मे २०२३ची शस्त्रसंधी फक्त ७ दिवसांची, नंतर ५ दिवस वाढली. ३१ मेला सैन्याने बोलण्यातून अंग काढलं. तक्रार ही, की आरएसएफ इस्पितळं आणि लोकांची घरं रिकामी करत नाही. मागणी रास्तच होती, ११ मेच्या जाहीरनाम्यात तसं वचनही होतं. पण खार्टुममधल्या घराघरांतून माणसं मागे घेणं म्हणजे ताब्यातलं शहर सोडणं. सात दिवसांच्या विरामाकडून ते काम कसं होणार?

मानशीकाठ:
शेवटच्या पानांबद्दल लिहितो, कारण तिथलं गणित बातमीत येत नाही.

वेढ्यात १ लाख माणसं आहेत असं धरा. पणजी महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४० हजारांच्या आसपास होती, तिच्या अडीचपट. मदत संस्था माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरतात. त्यासाठी साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, थोडं तेल, मीठ. सगळं मिळून अर्धा किलो. म्हणजे दिवसाला ५० टन, महिन्याला १५०० टन. आपल्या गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या दहा टनी टिपरच्या भाषेत रोज पाच, महिन्याला दीडशे. ३० टनी ट्रक असतील तर महिन्याचे ५०.

आकडा अवाढव्य वाटत नाही ना? आता नाक्यावर या. एका ट्रकची ताडपत्री सोडणं, पोती मोजणं, कागद बघणं, पुन्हा बांधणं याला फक्त २० मिनिटं धरली तरी ५० ट्रकांना एका नाक्यावर जवळजवळ १७ तास लागतात. अशी तीन नाकी असली तर? म्हणूनच फेब्रुवारी २०१८मध्ये सीरियातल्या पूर्व घौटासाठी रशियाने रोज सकाळी ९ ते दुपारी २ असा विराम जाहीर केला, तेव्हा तो पुरणार नाही हे मदतवाल्यांनी लगेच सांगितलं. पाच तासांत ताफा आत शिरेलही, पण माल उतरवून बाहेर कधी येणार?

पाणी तर अन्नाहून कठीण. माणशी किमान १५ लिटर धरतात. १ लाख माणसांना दिवसाला १५ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरच्या दीडशे खेपा, आणि त्याही रोज. हे चालूच शकत नाही. पाणी पंपानेच आलं पाहिजे, आणि पंपाला डिझेल किंवा वीज हवी. ओपाच्या पाणीप्रकल्पाचे पंप बंद पडले की फोंडा-पणजीचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. म्हणून जाणकार वाटाघाटी करणारा धान्याइतकाच जोर इंधनावर देतो. आणि नेमकं तिथेच दुसरी बाजू अडते, कारण डिझेल रणगाड्यातही चालतं.

तिस्कावरचा:
@मानशीकाठ, हाच माझा आक्षेप. डिझेल रणगाड्यात चालतं, धान्य सैनिकाच्या पोटात जातं, आणि विराम मिळाला की दोन्हीकडे दारूगोळा भरून घेतात. मग विराम म्हणजे पुढच्या लढाईची तयारीच की. कागदी घोडे किती नाचवायचे?

मानशीकाठ:
आक्षेप खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. जेद्दाच्या कागदात सही आणि अंमल यांत ४८ तास ठेवले होते. हुकूम शेवटच्या तुकडीपर्यंत पोचायला तेवढे लागतात. पण असे तास ‘आत्ता हाताला लागेल तेवढी जमीन घ्या’ म्हणूनही वापरले जातात. अंतर न ठेवावं तर अर्ध्या तुकड्यांना खबर नसते आणि पहिल्याच तासाला भंग होतो. यातून सुटका नाही.

इंधनावर मात्र उपाय आहेत. साठा एकदम द्यायचा नाही, पंपाच्या रोजच्या खपाइतकाच आठवड्याला मोजून द्यायचा. टाकी कुठल्या पंपाची, किती लिटरची, भरताना कोण हजर हे परिशिष्टात लिहायचं. चोरी होते, नाही असं नाही. पण किती झाली ते कळतं.

धक्का क्र. ८:
इंधन आणि जहाजं म्हटल्यावर येमेन आलंच पाहिजे. २ एप्रिल २०२२ची येमेनची शस्त्रसंधी मला या प्रकारातला सर्वांत नीट लिहिलेला कागद वाटतो. दोन महिन्यांची मुदत, हुदैदा बंदरात इंधनाची १८ जहाजं, सनाहून जॉर्डन आणि इजिप्तकडे आठवड्याला दोन व्यावसायिक विमानं, आणि वेढ्यातल्या तैझ शहराचे रस्ते उघडण्यासाठी बैठक. जहाजांचा आकडा लिहिल्याचा फायदा असा, की महिन्याअखेर कुणीही मोजून सांगू शकतो. ‘इंधनाचा पुरेसा पुरवठा’ असं लिहिलं असतं तर ‘पुरेसा’वरच सहा महिने गेले असते.

तरी पहिलं विमान अडलंच. २४ एप्रिलचं ठरलं होतं, उडालं १६ मेला. अडलं पासपोर्टवर. राजधानी सना बंडखोर हूथींच्या ताब्यात, आणि तिथल्या त्यांच्या कार्यालयाने दिलेले पासपोर्ट सरकार मानायला तयार नव्हतं. मानले तर ते कार्यालय सरकारी ठरतं. पुन्हा खाजन म्हणतात ती पहिली ओळच, फक्त विमानतळाच्या खिडकीवर उगवलेली.

ही शस्त्रसंधी दोनदा वाढली, २ ऑक्टोबर २०२२ला मुदत संपली, आणि तरीही जुन्या प्रमाणावर लढाई परत पेटली नाही. कागद गेला, सवय उरली.

जुवारी:
थोडं अवांतर, पण गोव्याच्या धाग्यावर हे यायलाच हवं. दुसऱ्याच्या भूमीतून जायची वाट कुणाला आणि कशासाठी, यावरचा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा एक गाजलेला निकाल आपल्याच इतिहासातला आहे: पोर्तुगाल विरुद्ध भारत, १२ एप्रिल १९६०. दमणहून दादरा आणि नगर हवेलीला भारतीय हद्दीतून जाण्याचा हक्क पोर्तुगाल मागत होता. न्यायालयाने विभागणी केली. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४मध्ये वाट होती, तीही भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हती. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, असंही निकालात होतं.

हा खटला दोन राष्ट्रांतला, यादवीला जसाच्या तसा लागू नाही. पण आजच्या प्रत्येक मदत ताफ्याच्या परवान्यात हीच विभागणी दिसते: माल जाईल, शस्त्र जाणार नाही, आणि तपासायचा हक्क ज्याची भूमी त्याचा. भांडण असतं ते ‘ज्याची भूमी’ कोण, यावर.

खाजन:
@जुवारी, अवांतर कसलं, नेमकं आहे. यादवीत कायद्याने संमती सरकारची लागते. युनोच्या आमसभेचा १९९१चा ठराव ४६/१८२ तेच सांगतो. पण सीमेवरचं नाकं प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात असतं. चाड-सुदान सीमेवर अद्रेपलीकडचा पश्चिम दारफुर आरएसएफकडे, आणि ते नाकं वापरायची परवानगी देणार-नाकारणार तेव्हा पोर्ट सुदानला बसलेलं सैन्याचं सरकार. फेब्रुवारी २०२४मध्ये परवानगी काढून घेतली, ऑगस्टमध्ये तीन महिन्यांसाठी परत दिली. मधल्या काळात, १ ऑगस्टला, दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचा निष्कर्ष जाहीर झाला होता. सीरियात रशियाच्या नकाराधिकाराची भीती असतानाही २०१४च्या ठराव २१६५ने चार नाकी सरकारच्या संमतीशिवाय उघडली. तशी उदाहरणं फार नाहीत.

वाळपईकर:
मग पहिल्या ओळीवर काही तोड आहे का? की दर वेळी तिथेच अडायचं?

खाजन:
तोड आहे, एक नाही तर तीन.

पहिली कायद्यातली. १९४९च्या जिनिव्हा करारांच्या समाईक कलम ३मध्येच लिहिलं आहे, की हे नियम पाळल्याने पक्षांचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. जेद्दाच्या जाहीरनाम्यातही तसंच वाक्य घातलं: सहीमुळे कायदेशीर, सुरक्षाविषयक वा राजकीय दर्जावर परिणाम नाही. हे वाक्य लागतंच, पण एकट्याने पुरत नाही. वकिलाचं समाधान होतं, सेनापतीचं होत नाही.

दुसरी, आणि मला सर्वांत उपयोगी वाटणारी: एका कागदावर सह्याच घ्यायच्या नाहीत. प्रत्येकाने आपापली एकतर्फी घोषणा करायची, मजकूर मात्र पडद्याआड आधी जुळवून घ्यायचा. जून २०१८ची अफगाणिस्तानची ईद घ्या. सरकारने आपली घोषणा केली, तालिबानने दोन दिवसांनी ईदच्या तीन दिवसांची वेगळी केली. त्यात पूर्वतयारी किती होती हा वेगळा विषय, पण तीन दिवस बंदुका बऱ्याच अंशी थांबल्या. टिग्रायमध्ये २४ मार्च २०२२ला इथिओपिया सरकारने मानवतावादी विराम जाहीर केला, टिग्रायच्या नेतृत्वाने स्वतंत्र निवेदनाने प्रतिसाद दिला, आणि १ एप्रिलला ताफा टिग्रायची राजधानी मेकेलेच्या बाजूला पोचला. वरचा येमेनचा कागदही युनोच्या दूताने जाहीर केला, दोन्ही बाजू एका टेबलावर सहीला बसल्या नव्हत्या.

तिसरी: मधे असा कुणी घालायचा, ज्याच्याशी बोलण्यात कुणाचाच दर्जा वाढत-घटत नाही. एल साल्वाडोर, १९८५. युनिसेफ आणि तिथलं कॅथलिक चर्च यांनी सरकार आणि गनिमांशी वेगवेगळं बोलून लसीकरणासाठी तीन दिवस शांततेचे मिळवले. तीन दिवस सलग नव्हते, तीन महिन्यांत विखुरलेले होते; लसीचे डोस अंतराने द्यावे लागतात. सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली, आणि युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हे चाललं. विरामाचं वेळापत्रक सेनापतींनी नव्हे, लसीने ठरवलं.

जुवारी:
१९९५मध्ये दक्षिण सुदानात जिमी कार्टर यांनी नारूच्या निर्मूलनासाठी मिळवलेला विरामही त्याच जातीचा. आधी दोन महिने, वाढत वाढत सहाच्या आसपास.

धक्का क्र. ८:
बोलण्याच्या जागेपर्यंत माणसं आणणं हे स्वतंत्र खातं आहे, त्यावर कुणी लिहीत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये जिनिव्हात येमेनची बोलणी ठरली होती, हूथींचं शिष्टमंडळ सनाहून निघालंच नाही. विमान कुणाचं, परतीची हमी काय, जखमींना बाहेर नेणार का, यावर फिसकटलं. डिसेंबरला स्टॉकहोमच्या बोलण्यांआधी हे सगळं सुटं करून सोडवलं. ५० जखमींना युनोच्या भाड्याच्या विमानाने मस्कतला नेलं, आणि शिष्टमंडळाच्या विमानात युनोचे दूत मार्टिन ग्रिफिथ्स स्वतः बसले. दूत सोबत असणं हीच परतीची हमी. मराठेशाहीत तहाला ओलीस ठेवत, त्याचा हा सभ्य अवतार म्हणा हवं तर!

शिवाय ज्याच्यावर युनोची प्रवासबंदी आहे त्याला निर्बंध समितीकडून सूट लागते. व्हिसा, विमानाला वाटेतल्या देशांची परवानगी, यात आठवडा कुठे जातो कळत नाही.

तिस्कावरचा:
ठीक, कागद झाला. पाळतो की नाही हे बघणार कोण?

मानशीकाठ:
इथे माप घ्यायला सुदानातला नुबा पर्वत. १९ जानेवारी २००२ला स्वित्झर्लंडमध्ये ब्युर्गनश्टॉकला सरकार आणि बंडखोर यांत शस्त्रसंधीचा करार झाला. सहा महिन्यांचा, पण वाढत वाढत जानेवारी २००५च्या सुदान शांतता करारापर्यंत टिकला. क्षेत्र मर्यादित, निरीक्षक निःशस्त्र, आणि मुख्य म्हणजे पथकांत परदेशी माणसाबरोबर दोन्ही बाजूंची माणसं. गोळी झाडल्याची तक्रार आली की तिघं एकाच गाडीत बसून जागेवर जायचे. मग ‘आमच्याकडून झालंच नाही’ हे स्वतःच्याच माणसासमोर म्हणायला लागतं.

जेद्दात १२ जणांची समिती होती: दोन्ही पक्षांचे तीन-तीन, सौदीचे तीन, अमेरिकेचे तीन. पण लक्ष ठेवणं दुरून. भंग दिसत होता, जागेवर जाऊन विचारणारं कुणी नव्हतं.

श्रीलंकेत नॉर्डिक देशांचे निरीक्षक होते, जागेवर होते, तरी मोडलं, आणि कारण बाहेरून आलं. मे २००६मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईवर बंदी घातली. एलटीटीईने लगेच सांगितलं, संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड गेले. नॉर्वे आणि आइसलंड उरले. बंदी योग्य की अयोग्य हे सोडा. पण निरीक्षक कुठल्या देशांचे आहेत हे यादी करणाऱ्यांनी पाहिलं होतं का?

धक्का क्र. ८:
स्टॉकहोमला ठरलेली हुदैदाची देखरेख समिती आठवली. फेब्रुवारी २०१९मध्ये दोन्ही बाजू एकमेकांच्या भागात जायला तयार नाहीत म्हणून बैठक युनोच्या भाड्याच्या जहाजावर भरवावी लागली. त्याच वर्षी पुढे आपले निवृत्त लेफ्टनंट जनरल अभिजित गुहा त्या मोहिमेचे प्रमुख झाले. तिथला मूळ रोग मजकुरातच होता. सैन्य मागे घेऊन सुरक्षा ‘स्थानिक सुरक्षा दलां’कडे द्यायची, २१ दिवसांत. पण स्थानिक म्हणजे २०१४च्या आधीचे पोलीस की आत्ता तिथे बसलेले? दोघांनी आपापला अर्थ लावून स्टॉकहोमला मान हलवली. मे २०१९मध्ये हूथींनी बंदरं तटरक्षकांकडे दिली म्हटलं, सरकार म्हणालं ही तर त्यांचीच माणसं. संदिग्ध शब्दाने सही लवकर होते हे खरं. ती संदिग्धता शेवटी धक्क्यावर उभ्या माणसाला निस्तरावी लागते.

वाळपईकर:
ताफ्याची माहिती दोन्ही सैन्यांना आधी देतात ना? त्याचा धोका नाही?

मानशीकाठ:
देतात. ट्रकचे नंबर, चालकांची नावं, माल, वाट, निघायची वेळ, थांबे. बहुधा दोन-तीन दिवस आधी. इस्पितळांचे अक्षांश-रेखांशही देतात, ‘इथे मारू नका’ म्हणून. सीरियात यादीतल्या जागांवरही हल्ले झाले, आणि २०१९मध्ये युनोच्या सरचिटणीसांना चौकशी नेमावी लागली. पत्ता द्यावा की लपवावा, हा तिथल्या डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. पत्ता दिला तर निदान ‘माहीत नव्हतं’ ही सबब जाते, एवढंच म्हणता येतं.

वेळेबद्दलही एक बारीक गोष्ट. जेद्दाची शस्त्रसंधी २२ मेला रात्री ९:४५ला लागू झाली, आणि कागदावर स्पष्ट ‘खार्टुम वेळ’ लिहिलं होतं. जेद्दात तेव्हा १०:४५ वाजले होते. हा एक शब्द गाळला असता तर पहिल्या तासाचे सगळे भंग वादात गेले असते.

तिस्कावरचा:
आणि मध्यस्थच जर शस्त्रं पुरवत असतील?

खाजन:
तर ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. पण त्यांना बाहेर ठेवलं तर ते बाहेरून मोडतात. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिका, सौदी, इजिप्त आणि अमिराती यांनी मिळून तीन महिन्यांच्या मानवतावादी विरामाची हाक दिली. चौघांतल्या प्रत्येकाचं सुदानात काही ना काही वजन आहे, म्हणून ती हाक. तरी २६ ऑक्टोबरला दारफुरमधलं अल-फाशर शहर आरएसएफने घेतलं, आणि त्यानंतर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, विराम मान्य असल्याचं तिने जाहीर केलं. हवं ते हाती लागल्यावर दिलेला होकार! सैन्याने नाही म्हटलं, आणि त्यांच्या जागी दुसरं कुणीही बहुधा तेच म्हणालं असतं. पाण्यात म्हैस असताना मोल ठरत नाही.

वाळपईकर:
शेवटचा प्रश्न. अद्रेची परवानगी तीनच महिन्यांची का?

धक्का क्र. ८:
देणाऱ्याला दोरी हातात ठेवायची असते म्हणून. मुदत लहान असली की दर तीन महिन्यांनी मागायला यावं लागतं. पण माल असा चालत नाही. पूर्व चाडकडे जाणारं बरंचसं धान्य कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरतं, तिथून एन्जामेना, आणि तिथून देश ओलांडून अद्रे. खरेदी, जहाज, उतराई, रस्ता सगळं धरलं तर पोतं सीमेवर पोचायला काही महिने जातात. म्हणजे परवानगीच्या पहिल्या दिवशी मागवलेलं धान्य मुदत संपताना दारात येतं. शिवाय ऑगस्ट म्हणजे दारफुरचा ऐन पावसाळा, ओढ्यांना पाणी, कच्चे रस्ते बंद. तीन महिन्यांतला पहिला दीड महिना असाच गेला. मुदत संपायच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२४मध्ये, आणखी तीन महिने वाढ मिळाली. तोवर दुआलाच्या वाटेवर असलेला माल परवानगीच्या भरवशावर नव्हे, अंदाजावर निघालेला होता.